डबल बेल

कंडक्टरला रस्ता अर्धाच दिसतो. उरलेला ड्रायव्हरच्या पाठीमागे असतो. जळगाव ते धुळे हा रस्ता मी कित्येक वर्षं असाच पाहिला: एरंडोल, पारोळा, धुळे आणि तसंच परत. बेलची दोरी माझ्या हातात, गाडी दुसऱ्याच्या. एक बेल दिली की गाडी थांबायची, डबल दिली की सुटायची, एवढीच काय ती माझी सत्ता.

तरी नोकरी वाईट नव्हती. माणसांशी दिवसभर बोलायला मिळायचं आणि मी बोलका आहे. पण यावल-फैजपूरकडून केळी भरून आलेले ट्रक सुरतेच्या वाटेला आमच्या शेजारून जायचे, ओल्या पानांचा वास खिडकीतून आत यायचा, आणि समोर पूर्ण रस्ता घेऊन बसलेल्या त्या ड्रायव्हरकडे बघून माझा जीव तुटायचा. चाळिशी उलटल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावतात. मी ट्रकचं लायसन्स काढायचं ठरवलं.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचं थापणं थांबलं नाही, फक्त आवाज वाढला.

"मना बापनी नोकरी दखीसन पोर दिन्ही व्हती," ती म्हणाली. "टरक दखीसन नही."

नोकरी बघूनच पोरगी दिली होती, खोटं काही नव्हतं त्यात. माझे सासरे साक्रीकडचे. आठवडी बाजारात कोणी भेटलं की पिशवी खाली ठेवून आधी 'जावई नोकरीले शे' हे सांगायचे, मग भाजीचा भाव विचारायचे. त्यांची लेक लहानपणापासून मान वर करून चाललेली. ट्रकवाल्याची बायको म्हणून चालायला ती तयार नव्हती. शब्दाला शब्द वाढला आणि मी तावातावात म्हणून बसलो, "ठीक आहे. तू हो म्हटल्याशिवाय राजीनामा देणार नाही." रागात दिलेला शब्द आमच्या घरात मोडत नाहीत. त्यामुळे माझं पुढचं सगळं तिच्या एका 'हो'वर येऊन अडलं.

शिकायला मात्र बंदी नव्हती. सुट्टीच्या दिवशी धुळ्याबाहेरच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर जायचो. शिकवायला एक नाना होते, सगळी उमर ट्रकवर काढलेले. सकाळी चहा झाल्याशिवाय ते शिव्या देत नसत आणि चहा झाल्यावर थांबत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाडी उलटी घ्यायला लावली, सगळे नवशिके तिथेच रडतात म्हणून. मी एका दमात घेतली. नाना बघतच राहिले. त्यात माझं कौतुक काही नव्हतं. स्टँडवर गाडीमागे उभं राहून, शिट्टी वाजवून, 'येऊ द्या, येऊ द्या' करण्यात माझा जन्म गेलेला. गाडीचं बूड मला ड्रायव्हरपेक्षा जास्त ठाऊक होतं.

माझं घोडं अडायचं ते भलत्याच ठिकाणी. गाडी थांबवली की मला ती पुन्हा काढता येईना. म्हणजे क्लच, गिअर सगळं यायचं. पण थांबलो की मी थांबूनच राहायचो.

"काय भो, कोनी वाट दखी ऱ्हायना?" नाना ओरडायचे.

मलाही कळायचं नाही. सरावात नानांचं ओरडणंच कामाला यायचं आणि मी निघायचो. परीक्षेत ओरडायला नाना नव्हते. शेजारी एक तरुण साहेब बसले होते, अगदी शांत स्वभावाचे. आठचा आकडा काढला, उलटी घेतली, सगळं झकास. मग चढावर त्यांनी गाडी थांबवून पुन्हा उचलायला सांगितलं. मी थांबवली. साहेब समोर बघत बसले. मीही समोर बघत बसलो.

"कोणाची वाट बघताय?" साहेबांनी विचारलं.

आणि तोंडातून निघून गेलं, "बेलची, साहेब."

साहेब हसले नाहीत. पुन्हा या म्हणाले.

घरी गेलो तर चेहऱ्यावरून तिला कळलंच. त्या संध्याकाळी तिने शेवभाजी केली, तर्रीदार, मला आवडते तशी. मी नापास झालो आणि घरात शेवभाजी! मला फार वाईट वाटलं. दोन घास खाल्ले, मग राहवलं नाही म्हणून काय झालं ते सांगून टाकलं. एक बेल, डबल बेल, चढ, साहेब, सगळं. ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्याला पदर लावून हसली. या भांडणात ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मीही हसलो. मग हसू आवरून तिने विचारलं, "आन टरकमा तुम्हले बेल कोन देई?"

खरी भीती तीच होती. दिवसभर माणसांत राहिलेला मी, केळींशी काय बोलणार?

नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "मनमा वाजाडी ले आन काढ गाडी." दुसऱ्या खेपेला चढावर मी तेच केलं. ओठातल्या ओठात टिंग टिंग म्हटलं आणि गाडी उचलली. पास झालो.

लायसन्स घरी आलं. तिने ते उलटसुलट पाहिलं, फोटो बरा आलाय म्हणाली आणि कपाटात ठेवून दिलं. 'हो' काही म्हणाली नाही. मीही शब्द धरून बसलो आणि पुन्हा तिकिटं फाडायला लागलो.

शेवटी फैजपूरच्या एका ट्रकमालकाने निरोप धाडला: रजा टाक, सुरतेची एक खेप मारून बघ, जमलं तर पुढचं बोलू. तिला सांगितलं. ती म्हणाली, "साक्री रोडले डबा लई येसू." बस्स.

केळीच्या घडांवर पानं झाकून गाडी भरली आणि दुपारी धुळ्यात आलो. साक्री रोडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ती डबा घेऊन उभी होती. तिने डबा वर दिला. मग ट्रकला एक फेरी मारली, लग्नाआधी स्थळ बघतात तशी. टायर पाहिले, दोरखंड पाहिले. मी आरशात तिच्याकडे बघत होतो. ती बाजूला झाली, मी गाडी हलवली, आणि मागच्या पत्र्यावर तिच्या हाताची थाप पडली. एकच.

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. संपलं, मला वाटलं.

ती सावकाश चालत खिडकीखाली आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नही. थांबतस का नही, ते दखं."

आणि ती परत मागे गेली. आरशात मला तिचा हात वर जाताना दिसला. बांगड्यांसकट दोन थापा पडल्या.

मी गाडी काढली.