अप्पांच्या मागं धावणारी व्हायोलिन

अक्का गेल्याचं सांगायला भाचा बिदरजवळच्या नौबादहून औरादला आला, तेव्हा मी बाजारातून नुकताच घरी पोचलो होतो. दारातच म्हणाला, "मामा, आई गेली." महिना होत आला, अजून मला एका जागी बसवत नाही... ती तरी कुठं कधी स्वस्थ बसली?

आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्या सुमारास माझी ही थोरली बहीण लग्न होऊन गुलबर्ग्याला गेली. शेजारच्या कानडी मास्तरांकडं व्हायोलिन शिकली आणि पुढं बिदरला मुलींना शिकवू लागली. मी शाळामास्तर. फावल्या वेळी स्वतःची गाणी रचून पेटीवर म्हणायचो. आमचे वडील, अप्पा, वारल्यावर त्यांच्या संतपूरच्या शेतवाटेवर एक गाणं केलं होतं. अक्कानं ते मागून घेतलं आणि चार व्हायोलिनींवर बसवलं. ऐकायला गेलो तर त्यात माझा एक शब्द नव्हता. तीन व्हायोलिनी संथ चालत आणि चौथी मागून धापा टाकत येई. मला राग आला. अप्पांचं नावच तू काढून टाकलंस, म्हणालो. तिनं गज खाली घेतला.

"मला अप्पा चालायलेले ऐकू यायलेत."

"आन् हे मागं पळायलंय ते?"

"ते मी हाय."

बिदरच्या एका शाळेच्या सभागृहात कार्यक्रम झाला तेव्हा तिनं मध्येच मुलींना थांबवलं. शेवट जमत नाही म्हणाली आणि पहिल्यापासून सुरू केलं. लोक कुजबुजले. दुसऱ्यांदाही चौथी व्हायोलिन मागंच राहिली. परतताना बसमध्ये आईनं विचारलं, ती मधीच कामून थांबली? मी सांगितलं, चौथी व्हायोलिन म्हणजे ती स्वतः, आणि अप्पांना गाठणारा शेवट तिला जमत नाही.  आई म्हणाली, "त्ये थांबायचे न्हाईत कधी. पोर रडत मागं पळायची, तरीबी न्हाई."

त्यानंतर दरवर्षी अक्का तो शेवट बदलत राहिली. एकदा चौघी एकत्र येऊन थांबायच्या, पुढच्या वर्षी ते तिला खोटं वाटायचं... मोडून टाकायची आणि मुली वाजवत असताना नवा शेवट शोधत खोलीच्या मधोमध येरझारा घालायची.

परवा तिच्या शिकवणीच्या खोलीत गेलो. मुली सरावाला जमल्या होत्या, पण सगळ्या भिंतीला टेकून उभ्या. मधली शहाबादी फरशी रिकामी. मी सहज तिथून पलीकडं निघालो, तशी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिथनं नको... बाई तिथं फिरतात."

मी कडेकडेनं गेलो.