अमावास्येच्या आधीचा रविवार

मालाडच्या आमच्या दोन खोल्यांत उजेडाची खिडकी एकच होती. ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला खेकड्यांना देण्यात आली. वडील शाळेत विज्ञान शिकवत. वर्सोव्याच्या खाडीतल्या चिखलातून त्यांनी पाच खेकडे आणले होते, चार नर आणि एक मादी, जुन्या रुपयाएवढे. नराचा एक डेंगा, म्हणजे नांगी, जवळजवळ अंगाएवढा. तो उचलून उचलून नर दिवसभर मादीला बोलावत राही. काचपेटीच्या अर्ध्या भागात वाळू, अर्ध्यात खाडीचं पाणी. यांची पिल्लं घरात होत नाहीत, असं ज्याने त्याने सांगितलं होतं. वडिलांना ती घरातच हवी होती.

तिसऱ्या वर्षी मादीच्या पोटाखाली अंड्यांचा जांभळट पुंजका दिसला. ही बातमी वडिलांनी ज्या आवाजात सांगितली, तो आवाज माझ्या जन्माच्या वेळी निघाला नव्हता, असं आई म्हणाली.

पाणी ते वर्सोव्याहून कॅनमधून आणत. तिथे सुकट वाळवणारी एक कोळीण या बाबतीत त्यांची गुरू होती. कॅन धुताना मी तिचं बोलणं ऐकलं.

"मास्तर, आवसेच्या उधाणाला सोडंल ती पिल्लं. तवर पानी बदलू नका."

"आणि बदलावंच लागलं तर?"

"अष्टमीला तरी नका नेऊ. तवा भांग असतो, समुद्र आत येत नाय. खाडीत नुसता गटार उभा असतो."

अमावास्या रविवारी येत होती. वडिलांनी त्या दिवशी शाळा समितीच्या अध्यक्षांना घरी बोलावलं. पिल्लं जगवायला मोठी टाकी लागणार होती आणि ती मंजूर करणं अध्यक्षांच्या हातात होतं.

"अमावास्येला?" अध्यक्ष म्हणाले. "मास्तर, तुम्ही विज्ञानवाले, तुमचं ठीक आहे. आम्हाला लोकांत राहायचंय. आधीचा रविवार घ्या."

दर वर्षी नववीला 'अंधश्रद्धा' हा निबंध घालणारे माझे वडील "बरं" म्हणाले.

आधीचा रविवार म्हणजे अष्टमी. शनिवारी आईने पेटीजवळ नाक धरलं. पाणी पिवळं पडलं होतं, काचेवर शेवाळ चढलं होतं. अध्यक्षांना आतलं काही दिसलं नसतं.

"बाबा, ती कोळीण नको म्हणाली होती ना?" मी म्हटलं.

"एका कॅनने काय होतंय? आणि पाहुण्यांनाही नाक आहे."

रविवारी सकाळी त्यांनी खाडीचं पाणी आणून ओतलं. दिसायला ते स्वच्छ होतं. तासाभराने नरांनी डेंगे हलवायचे थांबवले. दुपारी पाचही खेकडे वाळूच्या कोपऱ्यात चढून पाण्याकडे पाठ करून बसले. वडिलांनी मादीला चमच्याने हलकेच पाण्याकडे ढकललं. ती परत वर आली. त्यांनी पुन्हा ढकललं नाही. जुनं पाणी केव्हाच मोरीतून गेलं होतं.

अध्यक्ष पाच वाजता आले, सोबत हार आणि फोटोग्राफर. हार कोणाला घालायचा हे ठरलेलं नव्हतं, म्हणून तो पेटीला घातला. मग सगळे वाकून पाहू लागले. मादी पुढे सरकली होती. दोन्ही बारीक डेंग्यांनी पोटाखालून काहीतरी ओढून एकेक घास तोंडात घालत होती.

"वा," अध्यक्ष म्हणाले. "जेवतेय की बाई. चांगलं पोसलंय तुम्ही, मास्तर. काय खायला घालता?"

वडिलांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि काचेजवळ गेले. पुंजका अर्धा उरला होता.

"टाकी मंजूर समजा," अध्यक्ष म्हणाले. फोटोग्राफरने सगळ्यांना जवळ यायला सांगितलं. फ्लॅश पडला तरी ती थांबली नाही. आईने चहा आणला. वडील पाहुण्यांकडे पाठ करून तसेच उभे होते, आणि मादीने शेवटचं अंडं संपवेपर्यंत कोणी त्यांना बोलवायला गेलं नाही.