नाव घासून काढलेली भांडी

माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तिच्या नवऱ्याने कल्हईच्या निमित्ताने आमच्याकडे आणून टाकलं. तिच्या सासरी, न्हावऱ्याला, कल्हईवाला वर्षातून एकदा फिरकायचा. आमच्या दौंडात मात्र रेल्वेच्या फाटकाजवळ एकाचा भाता बारा महिने चालू असे. म्हणून दाजी एका सकाळी बैलगाडीत अक्काला आणि तिच्या लग्नातल्या सगळ्या भांड्यांना घालून आमच्या क्वार्टरपुढे उभे राहिले. आईने चहा दिला. तो पिऊन ते म्हणाले, "पातेल्यांना कल्हई करून घ्या, बाकीची उजळून ठेवा. चार दिसांनी न्यायला येतो."

कल्हई चार दिवसांत झाली. दाजी आले नाहीत.

आप्पा, म्हणजे माझे वडील, लोको शेडमध्ये फिटर होते. रजा काढून ते दोनदा न्हावऱ्याला जाऊन आले. तिकडे कोणी नाहीही म्हणेना आणि होही म्हणेना. एकदा म्हणाले सुगी होऊ द्या, एकदा म्हणाले म्हातारी आजारी आहे. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि अक्काला मूल नव्हतं. पण ते कोणी तोंडाने बोललं नाही, त्यामुळे प्रकरण मिटलंही नाही आणि तुटलंही नाही. असं दीड वर्ष गेलं.

आमच्या लोकांत लेकीच्या आंदणाच्या भांड्यांवर तिचं नाव कोरून घेत. छिन्नीने ठिपक्याला ठिपका लावून, गळ्याच्या जरा खाली. भांडी त्या नावाने घरात आहेत तोवर लेकीचं सासर आहे, असा हिशेब होता. माहेराने ती कुणाला दिली किंवा मोडीत घातली, तर गाठ माहेरानेच सोडली असं धरत, आणि मग पंचांपुढे तक्रार चालत नसे. हे अक्काला पक्कं ठाऊक होतं. ती दर महिन्याला भांडी काढून घासायची. घंगाळ, हंडा, कळशी, परात, पाच पातेली. आधी चिंच आणि मीठ, मग चाळलेली राख, मग पाणी, आणि लगेच कोरड्या धडप्याने पुसून उन्हात उलटी. कधीही गाडी दारात आली तर भांडी काळी दिसायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं. आई म्हणायची, "हात झिजवून घे. गाडीचा पत्ता न्हाई."

माझं लग्न ठरलं ते केडगावला. मुलाला कालव्याखालची जमीन होती. मला मुलगा पसंत होता आणि त्याहून जास्त ते घर पसंत होतं, कारण तिथे पाणी दारात होतं. माझ्या होणाऱ्या सासूबाई बोलणी करताना म्हणाल्या, "आमाला सोनंनाणं नको. भांडी मात्र नवी आन् जडशीळ द्या. मांडवात चार बायका बगत्यात." आई बरं म्हणाली. नवी भांडी घ्यायची ऐपत नव्हती, हे त्या 'बरं'मध्येच मला कळलं. भांडी घरात एकाच पोत्यात होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी शेडमधून पितळेच्या पॉलिशचा डबा, कॉटन वेस्टची, म्हणजे पुसायच्या सुती गुंत्याची, पुडी आणि दोन जातींचे पॉलिश पेपर आणले. इंजिनाच्या पितळी नळ्या ज्याने उजळत, तोच माल. कोणाकडे न बघता ते सगळं पोत्याजवळ ठेवून आप्पा ड्यूटीवर गेले.

आई अक्काला म्हणाली, "नाव काढायचं. तुझा हात चांगला हाय."

अक्का माझ्याकडे वळली. "तू सांग तिला. तुला नकोत म्हन. तुझं ऐकंल ती."

मी तेव्हा सतरा वर्षांची होते. मी म्हटलं, "मला कशाला मधी घेती? आईला इचार."

हे मी विचार करून बोलले होते. मी नकोत म्हटलं असतं तर लग्न मोडलं असतं असं नाही, पण पुढे ढकललं असतं, आणि पुढे ढकललेल्या गोष्टीचं काय होतं ते आमच्या घरात पोत्यात भरून ठेवलेलं होतं.

अक्काने पाच दिवस ते काम केलं. ठिपके खोल होते. आधी नुसतं पॉलिश लावून बघितलं, तर भोवतीचं पितळ लखलखलं आणि ठिपक्यांत काळा मळ राहून नाव लांबूनही वाचता येऊ लागलं. मग खरखरीत पॉलिश पेपर, मग बारीक, मग तेलाचं बोट फिरवून वेस्टने घासायचं. एका पातेल्याला अर्धा दिवस जाई. तिच्या बोटांच्या टोकांची कातडी निघाली. शेवटी सगळी भांडी चिंचेने धुवायची होती, तेव्हा ती चिंचेच्या पाण्यात हात घालून दात आवळून बसायची. आई येता-जाता भांडं उजेडात धरून तिरकं करून बघे आणि म्हणे, "हितं अजून दिसतंय."

मी त्या पाच दिवसांत हात लावला नाही. मला हळद लागायची होती, हात काळे करून चालणार नव्हतं.

काम मात्र नामी झालं. भांडी दुकानातून आणल्यासारखी दिसत होती. आमच्यापैकी कुणाच्याही एक गोष्ट ध्यानात आली नाही. पितळेचं भांडं तांबट हातोडीने ठोकून घडवतो. त्याला मठार म्हणतात. त्या ठोक्यांच्या बारीक खुणा भांड्याच्या अंगभर एकसारख्या असतात. नाव घासून काढताना अक्काने खुणाही घासून काढल्या. प्रत्येक भांड्यावर गळ्याखाली तळहाताएवढी जागा गुळगुळीत झाली, आणि उन्हात तीच जागा सगळ्यात जास्त चमकायची.

लग्न क्वार्टरपुढच्या मांडवात होतं. न्हावऱ्याला आवतण धाडावंच लागलं होतं, सोयरीक मोडलेली नव्हती ना. दाजी आले नाहीत, त्यांची आत्या आली. त्या घरात तिचा शब्द चाले. मांडवात शिरताच ती आईला सगळ्यांदेखत म्हणाली, "विहीणबाई, उसाची लागण उरकली की पोरगं न्यायला येतंय बरं का. मीच वळवलंय त्याला. म्हनलं, पोर वाईट न्हाई, देव देईल तवा देईल."

अक्का माझ्यामागे करवली म्हणून उभी होती. तिने ते ऐकलं. माझा पदर सोडून तिने स्वतःचा डोक्यावरून नीट घेतला.

मग आत्याबाई आंदण बघायला गेल्या. बायका बघतातच. त्यांनी घंगाळावरून हात फिरवला. हात गळ्याखाली गेला आणि तिथे थांबला. मग हंडा. मग कळशी. तिन्ही ठिकाणी हात त्याच जागी थांबला. त्या उठल्या आणि सरळ आमच्याकडे आल्या.

"सूनबाई, ते घंगाळ तुजंच ना गं?"

अक्काने आईकडे बघितलं.

आई पुढे झाली. "आवो, नवी हायत ती, पुण्यास्नं..."

"तुमाला न्हाई इचारलं. हिला इचारते. ही सांगंल ते खरं."

माझ्या सासूबाई दोन हात अंतरावर पाटावर बसल्या होत्या. त्यांनी पान चघळायचं थांबवलं होतं. अक्का हो म्हणाली असती तर आमच्या घराने खोटं सांगितलं हे मांडवात ठरलं असतं, माझं लग्न अडलं असतं आणि भांडी परत तिची झाली असती. नाही म्हणाली असती तर तिची भांडी घरात उरली नाहीत असं ठरून आत्याबाई मोकळ्या झाल्या असत्या. अक्काला दोन्ही कळत होतं आणि मलाही. मी हात मागे नेला, तिची सोललेली करंगळी चाचपून धरली आणि मुरगळली.

"न्हाई, आत्याबाई," अक्का म्हणाली. "धाकटीची हायत. नवी हायत."

"मंग तुजी कुठं गेली?"

"मोडीत घातली."

"कवा?"

"झालं की. दिवाळीला."

आत्याबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बोटांकडे. त्यांना सगळं समजलं होतं असं मला आजही वाटतं. पण ती गुळगुळीत जागा हाताला लागल्यावर त्यांना गाठ माहेरानेच सोडल्याची कबुली हवी होती आणि ती अक्काच्याच तोंडून मिळाली होती, आणि इतक्या बायकांसमक्ष. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "आमाला तरी उगा कशाला टांगून ठिवायचं." त्या पंगतीला बसल्या, लाडू मागून घेतला, खण-नारळ ओटीत घेतला आणि दुपारच्या एसटीने गेल्या. सासूबाईंनी पुन्हा पान चघळायला सुरुवात केली.

महिन्याच्या आत न्हावऱ्याहून दोघे जण काडीमोड घेऊन आले. सुनेने स्वतः सांगितलंय, माहेराने भांडी मोडली, आता आमच्याकडे बोट दाखवू नका, असं त्यांचं म्हणणं. आप्पा पंचांकडे गेले नाहीत. वैशाखात दाजींनी दुसरी केली.

मी पहिल्या माहेरपणाला आले तेव्हा आई अक्काला दिवसातून चार वेळा तेच ऐकवत होती. "तुला कुनी सांगितलं व्हतं मोडीत घातली म्हनून? गप ऱ्हायचं. मी बगून घेतलं असतं. स्वताच्या पायावर धोंडा पाडून घेतला, आता बस हितं जल्मभर आमच्या उरावर."

अक्का चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी काही सांगते का, एवढंच बघत होती. मी ताटातली भाकरी मोडली आणि आईला म्हटलं, "कालवण जरा वाढ." आईने वाढलं. अक्का परत भाकरीकडे वळली.

त्यानंतर तिने माझ्याकडे तसं कधी बघितलं नाही. दिवाळीच्या आधी सासूबाई म्हणाल्या, तुझ्या बहिणीचा हात चांगला आहे म्हणतात, बोलाव दोन दिवस. मी निरोप धाडला आणि अक्का सकाळच्या पॅसेंजरने केडगावला आली. अंगणात बसून तिने घंगाळ पुढ्यात ओढलं आणि मला विचारलं, "चिंच कुठं ठिवतीस?"