घासलेली वाटी

शिवणयंत्राच्या तेलाचा वास आला की मला पुसेगावचा बाजार आणि त्याच तेलाचं वंगण दिलेला माझा चावीचा ग्रामोफोन आठवतो. मी तेव्हा खेडोपाडी फिरणारा पाद्री. आधी गाणी लावून लोक जमवायचे, मग ‘प्रभू कधीही येईल, तयार राहा’ असा उपदेश करायचा, ही माझी शक्कल. त्या दिवशी गर्दी एवढी लोटली की उपदेश राहिला बाजूला आणि मी ऐटीत चावीच पिळत बसलो. शेजारच्या वाडीतल्या ख्रिस्ती साखऱ्याची एक सून धापा टाकत येऊन कडेला उभी राहिली. गाण्यालाच आली समजून मी हातानं ‘बस’ अशी खूण केली. एवढ्या पुरुषांपुढं ती कशी बोलणार? बसली बिचारी. तबकड्या संपल्यावर मी विचारलं, “तुला कोणतं लावू, बाई?” “गाणं न्हाई, पाद्रीबाबा. मामंजींचं आता काय खरं न्हाई. प्रभुभोजनासाठी तुमाला बलावलं.” बैलगाडी पळवली. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून भिंतीला टेकून बसलेला, पुढ्यात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी घासलेली वाटी, अंग गार. म्हातारी एवढंच म्हणाली, “लई वाट पाह्यली त्यांनी. तुमीच सांगितलं व्हतं ना, तयार राहा म्हणून.” आता घरात नातवाचा रेडिओ असतो. तो लागला की माझी नजर आधी दाराकडं जाते, कुणी उभं तर नाही ना.