दौलतभाऊंचा निकाल

दौलतभाऊ गेल्याचं मला अमडापूरच्या बाजारात कळलं. ते अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्या जागेवर त्यांचा मुलगा भाजी घेऊन बसायचा. त्या दिवशी जागा मोकळी होती. शेजारी वांगी विकणारी बाई मी न विचारताच म्हणाली, "भाऊ पहाटे गेले जी. तुमच्याच गावचे ना?" मी हो म्हणालो आणि तिच्याकडून वांगी घेतली. वांग्यांची गरज नव्हती. पण लगेच गावाकडे निघायचं धाडस होईना...

दौलतभाऊ माळी. विहिरीवरचा मळा, मेथी, मिरची, वांगी एवढाच पसारा. पण आमच्या भागात कबड्डीचा सामना ठरला की दोन्ही गावं आधी त्यांना विचारत, कारण त्यांच्या निकालावर कुणी भांडत नसे. एका दमात 'कबड्डी, कबड्डी' म्हणत चढाई करायची आणि दम तुटायच्या आत आपल्या अंगणात परतायचं, हा या खेळाचा कणा. गर्दीच्या आरड्याओरड्यात दम तुटला की नाही हे फक्त जवळच्या माणसाला कळतं. दौलतभाऊ टोपी काढून कमरेला खोचत, कान मोकळे करत आणि चढाई करणाऱ्याच्या बरोबरीनं वाकून पळत. त्यांचा हात वर गेला की खेळाडू मुकाट्यानं बाहेर जाई.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. परदेशात कबड्डीचे सामने खेळायला एक संघ जाणार होता आणि त्यासाठी आमच्या भागातून एक खेळाडू निवडायचा होता. निवडीचे सामने नांदुऱ्याला होते, बाहेरच्या संघांना रेल्वेनं येणं सोयीचं म्हणून. माझा धाकटा भाऊ सुखदेव त्यात होता. आदल्या संध्याकाळी कळलं की नेमलेले पंच येत नाहीत, आणि समोरच्या संघानं आपण होऊन दौलतभाऊंचं नाव घेतलं, तेही ते आमच्या गावचे आहेत हे माहीत असताना. भाऊ आमच्याबरोबर सामना पाहायला आलेच होते; मी नांदुऱ्याच्या धर्मशाळेत त्यांना गाठलं. म्हणालो, "भाऊ, निवडलं त पोरगं पहिल्यांदाच एवढ्या दूर जाईन. उद्या जरा पहा."

"पाहीन ना," ते म्हणाले, "पाहाचंच काम हाय माह्यं." आणि हसले. मीही हसलो, मला हवा तो अर्थ काढून.

शेवटच्या चढाईत सुखदेवनं दोघांना शिवलं आणि तो परत फिरला. रेषा हातभर राहिली असताना दौलतभाऊंचा हात वर गेला. आमच्या लोकांनी एकच गोंधळ घातला, पण निकाल फिरला नाही. निवड समोरच्या मुलाची झाली. परतीच्या एसटीत सुखदेव खिडकीकडे तोंड करून बसला होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, दम तुटला होता माह्या. भाऊनं बरोबर देलं."

मी म्हणालो, "चूप राय. कोनाले सांगू नको."

घरी वडील संतापले होते, गाव त्यांच्याहून संतापलं होतं. माळ्यानं गावाचं पोरगं पाडलं, तो समोरच्यांना मिळाला होता, असं चहाच्या हॉटेलात उघड बोललं जाई. शाळेत शिकवून परतताना मीही तिथं बसलेला असे. एक वाक्य बोलायचं होतं, पण ते बोललो असतो तर सुखदेव गावात उघडा पडला असता आणि वडिलांची मान खाली गेली असती. पुढं सुखदेव नोकरीसाठी परमुलखात गेला, वडील वारले. तरी मी गप्पच राहिलो. तेव्हा मात्र मला स्वतःशिवाय वाचवायला कुणी उरलं नव्हतं. एकदा बाजारात कुणीतरी दौलतभाऊंची जुडी उचलून म्हणालं, "भाऊ, मेथीचा दम तुटला वाटते." सगळे हसले. मीही हसलो. दौलतभाऊंनी जुडीवर पाणी शिंपडलं.

त्यांना पुन्हा कुणी पंच म्हणून बोलावलं नाही. गावानं मैदानावर 'आपला माणूस' उभा केला. तो लांब उभा राही आणि आमच्या पोरांचा दम कधीच तुटत नसे. बाहेरचे संघ आधी वाद घालत, मग डोकी फुटली, मग ते येईनासे झाले. त्यानंतर निवडीला आमच्या गावातून पोरं गेली, पण आमच्या मैदानावरचे विजय कुणी जमेस धरेना. गाव याला नशीब म्हणत राहिलं...

हे मी सुखदेवला विचारून लिहितो आहे. तो म्हणाला, "लिही. माह्यं नाव घालून लिही."

दहाव्यानंतर मी दौलतभाऊंच्या घरी गेलो. वहिनींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, त्या रडतील किंवा मला घराबाहेर काढतील. त्या शेंगा निवडत होत्या, तो हात थांबला नाही.

"तुमाले ठाऊक हाय हे त्याईले ठाऊक होतं, गुरुजी."

"मग बोलले काऊन नाही?"

"म्हनत, पंचानं आपली साक्ष आपन देऊ नये. ज्याले खरं मालूम हाय तो येईन."

त्यांची बाज अजून तिथंच होती. आजारपणात ती त्यांनी हट्टानं फिरवून घेतली होती, उशी भिंतीकडे, तोंड दाराकडे. मी कडेला टेकलो. दारातून शाळेचा रस्ता सरळ दिसत होता. सकाळी शाळेत जाताना आणि संध्याकाळी परतताना मी त्याच रस्त्यानं जात होतो.