घर राहायच्या लायकीचं नाही, साहेब!

आमच्या ऑफिसात फायली निकाली निघतात, किस्से मात्र पेंडिंग राहतात. टपरीवर कोणी "सांग ना गा एखादा" म्हटलं की मी सुरूच!

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका लहानशा शहरात बाबू आहे. घरटॅक्स लावताना घराची किंमत जास्त धरली म्हणून लोक अपील करतात. ती अपिलं ऐकणारी समिती स्वतंत्र असते. तिचे पुकारे मी करतो.

*

आता स्वतंत्र म्हणजे काय, हे समजावणं कठीण. पहिल्याच दिवशी एक काका उभे राहिले. "साहेब, तुमी कोनाच्या बाजूनं?"

अध्यक्ष साताऱ्याकडचे, शांत माणूस. म्हणाले, "कोणाच्याच नाही."

काका चपला शोधू लागले. "मंग आमी आलो कायले?"

*

घर जुनं असलं की टॅक्स कमी बसतो. एकाने ठणकावून सांगितलं, "शंभर वर्सं जुनं हाय!"

"बांधलं कोणी?"

"मीच, साहेब! सोताच्या हातानं!"

*

देवरावभाऊंनी तर स्वतःच्या घराची पार लाज काढली. "गळते, भिंती फुगल्या, राहायच्या लायकीचं नाही!" आम्हालाच त्यांची दया आली.

तेवढ्यात मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. भाऊंनी वळून पाहिलं, तर होणारे व्याही! पोराचं लग्न जमत आलेलं.

"साहेब, टॅक्स हाय तसाच राहू द्या," भाऊ घाईने म्हणाले. "घर महालावानी हाय!"

*

पण माझी सगळ्यांत लाडकी शेवंताबाई. एकटी बाई, एक गाय, दुधावर संसार. मोजणीवाल्याने "घरामागे काय?" विचारलं, ती म्हणाली, "कोठा." आमच्याकडे कोठा म्हणजे गुरांचा गोठा. तो पुण्याकडचा, त्याने माल साठवायचा कोठा समजून 'गोदाम' लिहिलं. टॅक्स असा वाढला की गाय विकायची पाळी आली.

सुनावणीत साहेबांनी विचारलं, "कोठ्यात काय असतं?"

"लक्ष्मी."

नगरपरिषदेचे वकील सावरून बसले. "बाहेर जाते?"

"सकाळी जाते, सांजेले वापस येते."

"आणि वाढते?"

"दरसाल एकानं!"

मला हसू आवरेना. "साहेब, लक्ष्मी गाय आहे. खिडकीतून बघा!" पुरावा आणायला सांगितला होता, म्हणून बाईने गायच आणून कडुनिंबाला बांधली होती.

वकील उसळले. "ती गोदामात राहते कशावरून?"

बाईचे डोळे भरले. मग तिने पदर खोचला. "सोडा तिले. कुठं जाते, पाहून घ्या!"

गाय निघाली. मागे बाई, साहेब, वकील, मी आणि अर्धा बाजार. दोन गल्ल्या ओलांडून लक्ष्मी थेट 'गोदामात' शिरली, आपल्या खुंट्याशी उभी राहिली आणि वकिलांच्या बुटाशेजारी शेण टाकून मोकळी झाली.

साहेबांनी चष्मा पुसला.

"वकीलसाहेब, साक्षीदाराची उलटतपासणी घेणार?"