जिन्याखालचा गारवा

कुत्रा ताईचा होता. जिन्यात कुणी विचारलं, दुकानात कुणी विचारलं, तरी धाकटीचं उत्तर ठरलेलं असे, "माझा नाही हो, ताईचा आहे." ताईला जाऊन पाच महिने झाले होते.

धाकटी म्हणजे तशी छप्पन्न वर्षांची बाई. पण थोरली घरात असेपर्यंत तिला सगळी इमारत धाकटीच म्हणे, आणि थोरली गेली म्हणून नाव काही बदललं नाही. दोघींनी लग्नं केली नाहीत. का नाही केली, याला मोठं कारण नव्हतं. आधी आईचं आजारपण, मग वडिलांचं, आणि दोन्ही उरकेपर्यंत विचारणारे थांबले होते. चौथ्या मजल्यावरच्या, थेट गच्चीखालच्या दोन खोल्यांत त्या तीस वर्षं राहिल्या. दोघीही सुईवर जगणाऱ्या. थोरली घरी बसून तयार शर्टांना काज-बटणं करायची. धाकटी एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं बांधायची. पानं सुटी करायची, फाटलेल्या कडांना पातळ कागद चिकटवायचा, पुन्हा शिवायचं, खळ लावून नवा पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवून द्यायचं. तळघर जाड भिंतींचं होतं. भर उन्हाळ्यातही तिला तिथे अंगावर शाल लागे.

कुत्रा सहा वर्षांपूर्वी आला. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूनं घर सोडताना "दोन दिवस ठेवा, घेऊन जातो" म्हणून थोरलीच्या हाती दोरी दिली आणि तो जो गेला तो गेलाच. म्हणून त्याचं नाव पाहुणा. दाट केसांचा, रुंद पाठीचा, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाल्यासारख्या चेहऱ्याचा. थोरलीनं त्याला भरवलं, विंचरलं, फिरवलं. धाकटीचा आणि त्याचा संबंध संध्याकाळी सहा वाजता एकमेकांकडे बघण्यापुरता.

थोरली हिवाळ्यात गेली, जेमतेम दोन दिवसांच्या तापात. धाकटी चार दिवस घरी राहिली आणि पाचव्या दिवशी कामावर गेली. घरात बसून करायचं काय? त्या दिवसापासून नऊ ते सहा पाहुणा एकटा. थंडीत ते निभावलं. मग ऊन वाढत गेलं.

कुत्र्याला उन्हाळ्यात कसं ठेवतात याचा धाकटीला गंध नव्हता. ऊन आत येऊ नये म्हणून ती सगळ्या खिडक्या लावून घ्यायची, पंखा चालू ठेवायची, एक वाडगा पाणी ठेवायची आणि निघायची. संध्याकाळी दार उघडलं की आतून भट्टीसारखी धग अंगावर यायची आणि पाहुणा जीभ लोंबकळत ठेवून धापा टाकत बसलेला असायचा. तिला त्याची दया आली. एवढी लोकर अंगावर घेऊन कोण जगेल, असं म्हणून एका रविवारी तिनं पुठ्ठा कापायची मोठी कात्री घेतली आणि त्याचे केस पार कातडीपर्यंत उतरवले. पाहुण्यानं हूं की चूं केलं नाही. काम झाल्यावर त्यानं वळून स्वतःच्या पाठीकडे पाहिलं आणि तो पलंगाखाली गेला. मध्येच कंटाळून सोडून दिलेल्या भरतकामासारखा दिसत होता बिचारा.

त्यानंतरच्या गुरुवारी ती घरी आली तर पंखा गरगरत होता, पण स्वयंपाकघरातलं घड्याळ, जे विजेवर चालायचं, ते साडेपाच तास मागे होतं. वीज बाराच्या सुमारास गेली असणार आणि नुकती आली असणार. वाडगा कोरडा. पाहुणा न्हाणीघरात फरशीवर आडवा पडला होता. तोंडातून घट्ट लाळेच्या तारा लोंबत होत्या, हिरड्या विटेसारख्या लाल. तिनं हाक मारली. शेपटी हलली नाही.

थोरलीनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या कडेला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून ठेवला होता. धाकटीनं एका हातानं तो लावला आणि दुसऱ्या हातानं फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढला.

"बर्फ आणते आहे, अंगावर ओतते," ती म्हणाली.

"बर्फ नको!" पलीकडून बाई ओरडल्याच. "साधं पाणी. नळाचं. पोट भिजवा, काखा भिजवा, पंजे भिजवा. पंखा त्याच्या अंगावर येऊ दे. ओला टॉवेल अंगावर घालून ठेवू नका, उलट आत उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका, शुद्धीवर असेल तर स्वतः पिऊ दे. आणि लगेच घेऊन या. उद्या नाही, आत्ता."

घेऊन या म्हणणं सोपं होतं. तीस किलोचा कुत्रा आणि चार मजले. पोट आणि पंजे भिजवून झाल्यावर तिनं त्याला चादरीवर ओढलं आणि एकेक पायरी उतरवायला लागली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिचे हात भरून आले. आवाज ऐकून तळमजल्यावरचे मीटरकाका वर आले. घरोघरी विजेचे मीटर वाचून त्यांनी नोकरी केली होती, म्हणून मीटरकाका. तीस वर्षांत धाकटीचा त्यांच्याशी संवाद "पाणी आलं का?" याच्या पुढे गेला नव्हता. त्यांनी काही न विचारता चादरीची दुसरी दोन टोकं धरली, रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली, आणि तीत पाहुण्याचं डोकं मांडीवर घेऊन स्वतःच बसले.

डॉक्टरीणबाईंनी पाहुण्याला टेबलावर घेतलं, सलाईन लावलं, ताप मोजला आणि मगच धाकटीकडे मान वळवली.

"हे केस कुणी कापले?"

"मी."

"कशानं?"

"पुठ्ठ्याच्या कात्रीनं."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "अहो, विंचरून मोकळे ठेवलेले केस उन्हापासून त्याला वाचवतात. पार कातडीपर्यंत काढले की ऊन थेट अंगात. आणि कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जेवढं गार होईल तेवढंच. खोली बंद, हवा तापलेली, मग धापा टाकून उपयोग काय? घरी दिवसभर कोण असतं त्याच्याजवळ?"

प्रश्न साधा होता. मीटरकाका भिंतीवरच्या तक्त्यातली मांजरं पाहायला लागले.

"कुणी नसतं," ती म्हणाली. ताई गेल्यापासून हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

पाहुणा वाचला. दोन दिवसांनी त्याला घरी सोडताना बाईंनी बजावलं, की एकदा उष्माघात झालेल्या जनावराला पुन्हा व्हायला वेळ लागत नाही. हा उन्हाळा त्याला दुपारी एकटं ठेवायचं नाही.

धाकटी ग्रंथपालबाईंकडे गेली. कुत्र्याला तळघरात आणू का, कोपऱ्यात बसेल, भुंकत नाही, असं तिनं विचारलं. ग्रंथपालबाई वाईट नव्हत्या, पण दीडशे वर्षांच्या पुस्तकांशेजारी कुत्रा, म्हणजे केस, ओल, पिसवा. "नाही हो जमणार," त्या म्हणाल्या.

"मग मला रजा द्या."

"किती दिवस?"

"असेल तेवढी."

कार्यालयात फाइल काढली तर एकतीस वर्षांत तिनं आजारपणं आणि मरणं सोडून रजा घेतलीच नव्हती. कुठे जायचं होतं तिला? पाऊण उन्हाळा निघेल एवढी रजा शिल्लक निघाली.

असं झालं, की तीस वर्षं ज्या घरात राहिली ते घर धाकटीनं पहिल्यांदा दिवसा पाहिलं. ऊन साडेआठला ओट्यावर येतं, दहाला पलंगावर, आणि अकरापासून स्लॅब जी आग ओकू लागतो ती संध्याकाळपर्यंत. तिनं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं सगळं केलं. उन्हाच्या बाजूला जाड पडदे लावले, सावलीच्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवल्या. पाण्याचे तीन वाडगे तीन ठिकाणी. पाहुण्याला बसायला मोकळी फरशी, शेजारी ओलं फडकं, वाटलं तर त्यावर पाय ठेव. पहाटे फिरवणं, आणि संध्याकाळी निघण्याआधी तळहाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाहायची. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. शेजारपाजारच्यांना वाटलं, हिला दुःखानं काहीतरी झालं, रस्त्याला हात लावून नमस्कार करते.

पण पाहुण्याला तिनं केलेली जागा पसंत पडेना. पावणेबारा झाले की तो उठायचा, दारापाशी जायचा आणि पंजानं दार खरवडायचा. दोन दिवस तिनं दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी, बाहेर जायची घाई असेल म्हणून दोरी लावली. तो चारही मजले जपून उतरला, पण फाटकाकडे गेला नाही. जिन्याला वळसा घालून मागे गेला.

जिन्याखाली, पाण्याच्या टाकीला लागून एक अरुंद जागा होती. धाकटीला ती माहीत होती, पण अडगळ म्हणून. टाकीची भिंत बाहेरून ओलसर, फरशी दगडी, आणि मागच्या झरोक्यातून हवेची बारीक झुळूक. पाहुणा पोट टेकवून पसरला आणि त्यानं सुस्कारा सोडला. भिंतीपाशी गुंडाळलेली सतरंजी होती. एक बुटका स्टूल. खिळ्याला कापडी पिशवी, तिच्यात पांढऱ्या दोऱ्याची दोन रिळं आणि बटणांची डबी.

पिशवी थोरलीनं शिवलेली होती. टाका ओळखायला धाकटीला दुसऱ्यांदा पाहावं लागलं नाही.

मीटरकाकांचं मागचं दार तिथेच उघडत असे. ते तांब्या घेऊन बाहेर आले आणि तिला बघून थबकले. "हलवलं नाही मी काही," ते म्हणाले. "वाटलं, तुम्ही न्याल कधीतरी."

"ताई इथे बसायची?"

"उन्हाळ्यात रोज. आधी एकट्याच, पाहुणा आल्यावर त्याला घेऊन. वर थांबवायचं नाही ना दुपारी."

"मला कधी बोलली नाही."

"बोलून काय करणार? तुम्ही दिवसभर गारव्यात. तुम्हाला रुखरुख लागली असती."

धाकटी स्टुलावर बसली. स्टूल तिला ठेंगणा पडत होता; थोरली तिच्यापेक्षा वीतभर बुटकी. "काय बोलायची तुमच्याशी?"

"बोलायच्या कुठे हो." काका उंबऱ्यावर टेकले. "बटणं लावायच्या. अधूनमधून विचारायच्या, किती वाजले. साडेपाच म्हटलं की आवरायला घ्यायच्या. वर इतकं तापलेलं असतं, थांबा अजून, म्हणायचो मी. तर म्हणायच्या, नको, धाकटी येईल. कुलूप दिसायला नको तिला."

तीस वर्षं संध्याकाळी सहाला धाकटी उघड्या दारातून आत गेली होती. चपला काढता काढता म्हणायची, "काय गं, पंखा वाढवत का नाहीस?" आणि थोरली म्हणायची, "मला नाही उकडत."

काका उठून आत गेले. ते मुद्दामच गेले असावेत. त्या दुपारी धाकटी बटणांची डबी मांडीवर घेऊन रडली. ताई गेल्यावर आल्यागेल्यांसमोर रडली होती त्याहून वेगळं, आवाज न करता आणि बराच वेळ. पाहुण्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि दगडाची गार जागा सोडायला नको म्हणून पडल्यापडल्याच सरकत येऊन तिच्या पावलावर हनुवटी ठेवली.

तो सगळा उन्हाळा ती दोघं तिथे बसली. पाहुण्याचे केस हळूहळू, वेडेवाकडे का होईना, परत आले. धाकटीनं त्याला विंचरायला शिकून घेतलं. कधीकधी तिला थोरलीला काही विचारावंसं वाटे, अगदी क्षुल्लक, की दुपारच्या वेळी तू कुठला विचार करायचीस, आणि मग ती टाकीतल्या पाण्याचा आवाज ऐकत बसे. काका कधी उंबऱ्यावर असत, कधी नसत. असले तरी दोघांत चार वाक्यं होत.

रजा संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. ती पुन्हा ग्रंथपालबाईंकडे गेली आणि पुढच्या वर्षापासून उन्हाळ्याचे महिने सकाळी सात ते अकरा काम करू द्या, पगार त्या मानानं कमी करा, म्हणाली. बाईंनी हो म्हटलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात काका मुलीकडे राहायला गेले. त्यांच्या दाराला आता बाहेरून कडी असते. एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर नवीनच राहायला आलेली बाई, दिवस भरत आलेले, धापा टाकत जिना उतरली आणि जिन्याखाली माणूस आणि कुत्रा पाहून दचकली.

"इथे का बसता हो?"

"वर तापतं," धाकटी म्हणाली. मग पाहुण्याला थोडं पलीकडे ढकलून तिनं सतरंजीचं एक टोक पसरलं. ती बाई जरा वेळ कठड्याला धरून उभी राहिली, आणि मग सांभाळून खाली बसली.